वर्षभराचा ट्रक, नवाकोरा रंग आणि चासीत लपलेला मार

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पाटेवाल्याकडे मी गेलो होतो तो डाव्या पुढच्या पाट्याचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा, करकर आवाज येत होता म्हणून. गाडी दहाचाकी, १४ महिन्यांची, मीटरवर ६१ हजार किलोमीटर. माझ्या ताब्यात येऊन पाच आठवडे झाले होते. मिस्त्रीमामा खाली सरकले, पाट्याला हातही न लावता टॉर्च हँगरच्या, म्हणजे पाटा जिथं चासीला अडकतो त्या ब्रॅकेटच्या, वर धरून बघत राहिले. मग खालूनच म्हणाले, "मालक, कुणाकडनं घेतलासा ही गाडी?"

"ओळखीच्याकडनं, मामा. का?"

"मग त्यानं सांगितलं न्हाई व्हय, एकदा आपटलीया म्हणून?"

मी शर्ट काढून ठेवला आणि खाली गेलो. मामांनी माझं बोट धरून उजव्या लाँग मेंबरवर, म्हणजे चासीच्या उजव्या लांब पट्टीवर, फिरवलं. हँगरच्या वर ओळीने गोल डोक्याचे रिबिट, कंपनीने ठोकलेले. मग तेच बोट डाव्या बाजूला त्याच जागी नेलं. तिथं पाचपैकी तीन ठिकाणी षटकोनी बोल्ट. त्यांच्यावर काळा रंग इतका जाड की वॉशरची कडसुद्धा दिसत नव्हती. पाच आठवडे मी त्या गाडीभोवती रोज फिरत होतो, पण खाली एकदाही गेलो नव्हतो.

ट्रक घेताना आपण इंजिन ऐकतो, टायर बघतो, मीटर बघतो. चासी मात्र "चासी काय, लोखंडच तर आहे" म्हणून सोडून देतो. इंजिन उतरवून नवं करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चासी वाकली तर गाडी वाकडीच, वरून कितीही सजवा. हा लेख त्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांबद्दल आहे. खर्च म्हणाल तर एक सकाळ, एक ओळंबा, खडू, टेप आणि जुने कपडे.

वर्षभराची गाडी विकायला येतेच का?

हा प्रश्न भाव विचारायच्या आधी स्वतःला विचारा. ट्रकचा हप्ता चार-पाच वर्षं चालतो आणि पहिल्या दोन वर्षांत गाडी सगळ्यात कमी त्रास देते. अशा वेळी ती विकायची म्हणजे काहीतरी कारण असणार. काही कारणं प्रामाणिक असतात: काम गेलं, भागीदार फुटले, घरात आजारपण आलं. काही गाड्या हप्ते थकल्यामुळे फायनान्सने ओढलेल्या असतात. त्या यार्डातल्या लिलावात 'जसा आहे जिथे आहे' या अटीवर विकल्या जातात. या चार शब्दांचा अर्थ इतकाच की नंतर तुम्ही काहीही दाखवलंत तरी ते ऐकणार नाहीत.

तिसरी जात म्हणजे आपटून पुन्हा उभ्या केलेल्या गाड्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. पुष्कळदा भंगाराची किंमत वजा करून बाकीची रक्कम मालकाला मिळते आणि गाडी त्याच्याकडेच राहते, आरसीसकट. अमेरिकेत अशा गाडीच्या कागदावर तसा शिक्का बसतो. आपल्या आरसीवर तशी काही खूण नसते. ती गाडी कुठल्यातरी यार्डात ओढून, ठोकून, रंगवून सहा महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात विकायला उभी राहते.

एक प्रकार शोरूमच्या गाडीतही घडू शकतो. ट्रकच्या चासी जमशेदपूर, लखनौ, पंतनगर अशा कारखान्यांतून शेकडो किलोमीटर चालवत डीलरपर्यंत येतात. वाटेत ठोकर बसली आणि ती गुपचूप दुरुस्त झाली, तर शून्य मालकाच्या गाडीलाही मार असू शकतो. खाली सांगितलेलं सगळं म्हणूनच नव्या गाडीलाही लागू आहे, फक्त तिथं बघू देतील का हा प्रश्न.

आधी कागद, मग गाडी

मालकाकडून चार गोष्टी मागा. देणारा सरळ असेल तर संध्याकाळपर्यंत फोनवर येतात.

पहिली, दोन्ही वर्षांच्या विमा पॉलिसी. पहिल्या वर्षी क्लेम घेतला नसेल तर दुसऱ्या वर्षीच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस २० टक्के दिसायला हवा. तिथं शून्य असेल तर कारण विचारा. क्लेम झाला असेल तर सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि दुरुस्तीचं बिल मागा. बिलात 'फ्रंट क्रॉस मेंबर', 'हँगर ब्रॅकेट', 'लाँग मेंबर रिपेअर' असे शब्द शोधा. काच, बंपर, हेडलाइट एवढंच असेल तर बरं. उलट बाजूही ध्यानात ठेवा: बोनस २० टक्के आहे म्हणून गाडी आपटलीच नाही असं होत नाही. खिशातून दुरुस्ती करून क्लेम न घेणारे खूप आहेत. माझ्या गाडीला २० टक्के होते आणि तेवढ्यावर मी निश्चिंत झालो होतो.

दुसरी, सर्व्हिस सेंटरची जॉब कार्डं. चासी नंबर सांगितला की कंपनीच्या वर्कशॉपला त्या गाडीचा इतिहास दिसतो. तुम्हाला तो थेट देणार नाहीत, मालकाला देतील. त्याला सोबत घेऊन जा. दोन सर्व्हिसच्या मधलं अंतर बघा.

तिसरी गोष्ट मी आता सगळ्यांना सांगतो: फास्टॅगचं स्टेटमेंट. मालाचा ट्रक रोज कुठला ना कुठला टोल ओलांडतो. स्टेटमेंटमध्ये सलग दीड-दोन महिने एकही टोल नसेल, तर गाडी तेवढे दिवस कुठेतरी उभी होती. पावसाळ्यात वाळू-खडीची कामं थंड असतात आणि उसाच्या गाड्या हंगामाबाहेर थांबतात, ते धरून चाला. पण भर जानेवारीत सात आठवड्यांची पोकळी दिसली तर विचारायलाच हवं. हल्लीच्या बीएस सहा (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांत कंपनीचं ट्रॅकिंगही असतं. मालकाच्या मोबाइलवर ते ॲप असेल तर कुठल्या महिन्यात किती किलोमीटर पडले ते तिथंच दिसतं.

चौथी, आरसीची प्रत. त्यावरचा चासी नंबर आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहून घ्या. दोन्ही पुढे लागणार आहेत.

गाडी बघायची जागा

विकणारा म्हणेल, "या की ढाब्यावर, तिथंच उभी आहे." नको म्हणा. मातीच्या उतारावर उभ्या गाडीची कुठलीच गोष्ट कळत नाही. सपाट काँक्रीट हवं: कारखान्याची शेड, गोडाऊनचं अंगण, मोठ्या टायरवाल्याचं दुकान. वेळ सकाळची. गाडी रिकामी हवी, हौद्यात ताडपत्री आणि दोरखंडसुद्धा नको. चासी धुतलेली हवी, पण ती आदल्या दिवशी धुतलेली. आताच पाणी मारलेल्या लोखंडावर तडा दिसत नाही. आणि ऑइल-ग्रीस फवारून 'चमकवलेली' असेल तर कापडाने पुसायला लावा. त्यात लपवायचा हेतू असेलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी विक्रीआधी तसं करतातच.

येताना गाडी वजनकाट्यावरून आणा. रिकामं वजन आरसीपेक्षा डिझेल, ड्रायव्हर आणि सामानाचा हिशेब धरूनही तीन-चारशे किलोनं जास्त भरलं, तर ते लोखंड कुठून आलं ते शोधा. कधी हौद्याला जादा पत्रा मारलेला असतो, कधी चासीला आतून चॅनल ठोकलेलं असतं. १४ महिन्यांच्या गाडीच्या चासीला आतून आधार द्यायची वेळ का आली, याचं चांगलं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

खाली जायच्या आधी हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. केबिन उचलणार असाल तर लॉक बसल्याशिवाय तिच्याखाली डोकं घालू नका.

रंग, रिबिट, वायरी

ट्रकची चासी म्हणजे शिडी. दोन लांब लाँग मेंबर, आकार इंग्रजी 'सी' अक्षरासारखा, जाडी साधारण ६ ते ९ मिलिमीटर. मध्ये आडवे क्रॉस मेंबर, सगळं रिबिट किंवा बोल्टने बांधलेलं. कंपनीत हे सगळं बहुधा एकाच वेळी रंगतं आणि त्यानंतर वायरी, एअरचे पाइप, डिझेलची लाइन बसते. म्हणून साधा नियम: लोखंडावर जो रंग आहे तो वायरीवर, पाइपवर, क्लिपवर नको. रंगाचे शिंतोडे काळ्या नळीवर दिसले की त्या जागी नंतर कुणीतरी स्प्रे मारला असण्याची शक्यता मोठी.

पुढून मागे एका बाजूने चाला, मग दुसऱ्या बाजूने. दर फुटावर डावं-उजवं ताडून बघा. नजर एका गोष्टीवर हवी: दोन्ही बाजू सारख्या आहेत का. एका बाजूला रिबिट आणि दुसऱ्या बाजूला बोल्ट, एकीकडे रंग मळलेला आणि दुसरीकडे चकचकीत, एकीकडे वायरीला कंपनीची क्लिप आणि दुसरीकडे प्लास्टिकचा टाय, असा कुठलाही फरक लिहून घ्या. १४ महिन्यांत दगडांनी, चिखलानं रंग थोडा उडालेलाच असतो. संपूर्ण चासी जुनी आणि दोन फुटांचा तुकडा नवा दिसत असेल तर तिथंच थांबा.

रंगाखालचं बोटाला कळतं. ग्राइंडर फिरलेली जागा हाताला गुळगुळीत आणि किंचित खोलगट लागते, कंपनीचा पत्रा एकसारखा असतो. लाँग मेंबरच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या कडेवर अंगठा घासत न्या. घडी पडून परत सरळ केलेल्या जागी कड लाटेसारखी लागते. टॉर्च समोरून न मारता पत्र्याला समांतर धरा, लाट आणि सुरकुती सावलीत उठून दिसते. घणाचे ठोके असतील तर छोटे सपाट चट्टे दिसतात.

गॅस मारून सरळ केलेली चासी सगळ्यात वाईट. हे लोखंड खिडकीच्या गजाचं नाही, जास्त ताकदीचं पोलाद आहे. ते लालबुंद तापवलं की त्या जागेची ताकद कमी होते. दिसायला सरळ, पण वजन पडलं की पुन्हा तिथंच वाकणार. बऱ्याच ट्रक कंपन्यांच्या सूचनांत चासीला गॅस लावायची मनाई असते, आणि वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडायचीही. भोक असेल तर ते उभ्या भागात, मधल्या उंचीच्या आसपास. कारण वाकताना सगळा ताण वरच्या आणि खालच्या पट्टीत येतो, मधल्या भागात सगळ्यात कमी. या एका वाक्यावरून बॉडीवाल्याचीही पारख होते. हौदा बांधणाऱ्यानं यू बोल्ट बसवायला चासीच्या पट्टीत खाच कापली असेल, तर अपघात न होताही ती चासी एक दिवस तिथून फाटणार.

रिबिटभोवती काळपट किंवा तांबूस पावडर दिसली तर ते रिबिट हलतं आहे. खात्री करायची असेल तर एका बाजूने डोक्यावर बोट टेका आणि दुसऱ्याला पलीकडून हातोडी हलकी मारायला सांगा. घट्ट रिबिट बोटाला फक्त ठोका देतं. ढिलं रिबिट बोटाखाली सरकतं, कळायला मिस्त्री लागत नाही.

चासी नंबर बहुतेक गाड्यांत उजव्या लाँग मेंबरवर पुढच्या चाकाच्या आसपास पंच केलेला असतो. आरसीशी अक्षर अक्षर ताडून बघा आणि कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. १७ अक्षर-अंकांच्या या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. अक्षरांची उंची आणि ओळ एकसारखी हवी. भोवतालचा पत्रा घासलेला असेल तर सौदा तिथंच संपवा. हा चासीच्या माराचा नाही, पोलिसांचा विषय होऊ शकतो.

केबिनची काच, टायर आणि सीट बेल्टवरही तारखा असतात. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीला पुढचे दोन टायर नवे होते आणि मी खूश झालो होतो, "मालकानं आताच टाकलेत." ६१ हजारांत पुढची दोन्ही टायर का संपली, हे मी विचारलंच नाही.

ओळंबा, खडू आणि टेप

डोळ्याला न दिसणारं इथं दिसतं. चासीला मार पाच प्रकारे बसतो: ती बाजूला वाकते, मध्ये झोळ खाते, आखूड होते, पिळवटते, किंवा एक लाँग मेंबर दुसऱ्याच्या पुढेमागे सरकतो आणि चौकोनाचा पतंग होतो. शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा, कारण दोन्ही लाँग मेंबर स्वतः सरळच दिसतात. कोपऱ्याला ठोकर बसली की बहुधा हेच होतं.

टायरची हवा चारी बाजूंना सारखी करा, स्टिअरिंग सरळ ठेवा. आता दोन्ही लाँग मेंबरवर एकाच जागची भोकं किंवा रिबिट निवडा: पुढच्या पाट्याचा पुढचा हँगर, केबिनच्या मागचा क्रॉस मेंबर, मागच्या पाट्याचा पुढचा हँगर, शेवटचा क्रॉस मेंबर. डावी-उजवी मिळून आठ ठिकाणं. प्रत्येकातून ओळंबा सोडा, तो थांबेपर्यंत वाट बघा आणि खाली फरशीवर खडूनं बारीक फुली करा. पंखा बंद, वारा नको. आठही खुणा झाल्या की गाडी बाहेर काढा. फरशीवर चासीचा नकाशा उरतो.

आता प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. टेप ताणून धरायला दोन माणसं हवीत आणि दोन्ही वेळेला टेपचं तेच टोक तोच माणूस धरू दे. कर्ण सारखे आले तर चौकोन शाबूत. शेवटी कर्ण जिथं छेदतात ते बिंदू सुतळीनं जोडा. सुतळी सगळ्या बिंदूंवरून सरळ गेली तर चासी बाजूला वाकलेली नाही. नेमकी किती सूट चालते ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. हाताच्या मोजमापात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, ते सोडा. पाचच्या पुढे गेलं तर पुन्हा मोजा, पुन्हा तेवढंच आलं तर विकत घेऊ नका. निदान त्या भावात तरी नको.

माझ्या गाडीचे मागचे दोन चौकोन दोन मिलिमीटरमध्ये जुळले. पुढच्या चौकोनात फरक १४ मिलिमीटरचा आला. आम्ही तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मामांनी टेप माझ्या हातात दिली, "तुम्हीच मोजा मालक, न्हाईतर म्हातारा चुकला म्हणशीला."

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडून आणि उजवीकडून घ्या. माझ्याकडे डावीकडचं ११ मिलिमीटर कमी भरलं, म्हणजे पुढचा डावा कोपरा मागे सरकला होता. पिळा तपासायला लाँग मेंबरच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंतची उंची चारी कोपऱ्यांवर मोजा. पण एक पाटा बसलेला असला तरी फरक येतो, म्हणून उंचीवरून घाईने निष्कर्ष काढू नका. मध्ये एखादा पाटा तुटलाय का ते आधी बघा.

तडे कुठं शोधायचे

तडा अपघातानेच पडतो असं नाही. ओव्हरलोडनं पडलेला तडा जास्त भेटतो. दहाचाकी गाडीचं एकूण वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन झालं, पण खडी-वाळूच्या धंद्यात तेवढ्यावर कोण थांबतं? त्यामुळे गाडी हायवा (हौदा उचलून माल ओतणारी टिपर) असेल तर आपटलेली नसली तरी हा भाग सोडू नका.

दोन चाकांच्या मधल्या भागात वजनानं खालची पट्टी ताणली जाते. मागच्या चाकाच्या पलीकडे शेपटी लोंबते, तिथं वरची पट्टी ताणते. तडा ताणात पडतो, म्हणून मध्ये खालची कड आणि मागे वरची कड बघा. खास जागा: केबिनच्या लगेच मागे, मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ, आतला जादा चॅनल जिथं संपतो ती टोकं, हायवाच्या मागच्या बिजागरीची बैठक, जॅकची बैठक, आणि कुठलंही नंतर पाडलेलं भोक. डिझेलच्या आणि युरियाच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या) टाकीचे ब्रॅकेट काढायला लावता आले तर लावा, त्यांच्यामागे बरंच काही झाकलं जातं.

तडा म्हणजे रंगातली केसासारखी रेघ, आणि त्या रेघेतून उतरलेला तांबडा गंजाचा ओघळ. शंका आली तर फॅब्रिकेशनवाल्याकडे तीन स्प्रेचा संच मिळतो, डीपी टेस्ट म्हणतात. त्या जागेचा रंग कापडाने थिनर लावून काढा, क्लीनर मारून पुसा, लाल स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसून टाका आणि पांढरा स्प्रे मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. स्प्रे नसेल तर जुनी पद्धत चालते: रॉकेल चोळा, पुसून कोरडं करा, खडूची पूड लावा आणि हातोडीनं हलके ठोके द्या. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. एम-सील भरून वर रंग मारलेला तडाही मी पाहिला आहे. नखानं दाबलं तर लोखंड आणि एम-सील यातला फरक लहान मुलालाही कळेल.

चालवून बघताना

रस्त्यावर पाणी सांडलेलं असेल अशा ठिकाणून गाडी सरळ न्या आणि उतरून ओले पट्टे बघा. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग दोन्ही बाजूंना सारखी हवीत. एका बाजूला पट्टा जास्त बाहेर पडत असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा आडवा दांडा आडवाच राहतो का, ते बघा. माझ्या गाडीचं स्टिअरिंग घड्याळात दहा मिनिटं झाल्यासारखं तिरकं राहायचं. विकणाऱ्यानं "अलाइनमेंटचा विषय आहे" असं सांगितलं आणि मीही मान डोलावली. अलाइनमेंट करून गाडी सरळ चालवता येते, पण त्याचा हिशेब टायर चुकवतात.

विचारा, आणि लिहून घ्या

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महागात पडणारा. भारतीय करार कायदा १८७२ मधलं कलम १७ सांगतं की नुसतं गप्प बसणं ही साधारणपणे फसवणूक ठरत नाही. विकणाऱ्यानं स्वतःहून "आपटलेली आहे" असं सांगितलं नाही, तर तेवढ्यानं तो सापडत नाही. कलम १९ त्याहून पुढे जातं: जे तुम्हाला साध्या काळजीनं कळू शकलं असतं, ते त्यानं नुसतं दडवलं म्हणून करार मोडता येत नाही. म्हणजे मी पाच आठवडे खाली गेलो नाही, हे माझ्याच विरुद्ध जाणार होतं.

तुम्ही सरळ प्रश्न विचारला आणि त्यानं खोटं उत्तर दिलं, तर मात्र चित्र पालटतं. म्हणून बयाण्याआधी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "गाडीचा अपघात झाला होता का? चासी, लाँग मेंबर, क्रॉस मेंबर कधी सरळ केलेत, वेल्डिंग केलंय किंवा बदललेत का?" उत्तर लेखी येऊ द्या. फोन आला तर बोला आणि मग "आपलं आत्ता बोलणं झालं तसं, चासीला काही काम नाही" असं लिहून पाठवा. महाराष्ट्रात करारनाम्याला आता ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्या करारनाम्यात हेच वाक्य घाला, आणि पुढे असं: तसं आढळल्यास अमुक दिवसांत गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम देईन. या वाक्यावर कुरकुर करणारा माणूस तुम्हाला फुकटात सगळं सांगून गेला.

घेतल्यावर सापडलं तर

पहिलं काम: माल भरणं बंद. दुसरं: काहीही दुरुस्त करू नका. माझी पहिली ऊर्मी होती की मामांना सांगून बोल्ट बदलून घ्यावेत. तसं केलं असतं तर पुरावाच गेला असता.

फोटो काढा, प्रत्येकात बाजूला टेप किंवा पट्टी ठेवून, डाव्या-उजव्या जागेचे जोडीनं. सोबत एक व्हिडिओ काढा आणि चासी नंबर त्यातच सलग दाखवा, नाहीतर "ही गाडी दुसरीच" म्हणतील. परवानाधारक सर्व्हेअर किंवा चार्टर्ड इंजिनिअरकडून तपासून लेखी अहवाल घ्या. मग विकणाऱ्याला स्पीड पोस्टनं नोटीस पाठवा: काय सापडलं, कधी सापडलं, काय मागताय आणि किती दिवसांत. भाषा थंड ठेवा.

विकणारा धंदेवाईक डीलर असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. जिल्हा आयोगात मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जाता येतं, मुदत दोन वर्षांची, राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरायला घेतलेली बसते. एक गाडी घेऊन स्वतः चालवणाऱ्याला ही वाट मोकळी आहे. दहा गाड्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्याला अवघड. दोन व्यक्तींमधला खासगी सौदा असेल तर दिवाणी न्यायालय, आणि खोटं लेखी आश्वासन असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार. वकिलाला भेटताना व्हॉट्सॲपचं ते संभाषण आधी दाखवा, रडगाणं नंतर.

माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. विकणारा सुरुवातीला "मलाही माहीत नव्हतं" म्हणाला. मी त्याला फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवलं. गाडीसोबत टॅगचं लॉगिनही त्यानंच दिलं होतं, आणि त्यात डिसेंबर-जानेवारीचे ४३ दिवस कोरे होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी दुरुस्तीचा निम्मा खर्च त्यानं दिला. निम्मा माझ्या आळसाचा.

दुरुस्ती करायचीच असेल

पिळा किंवा गॅसचा चट्टा असेल तर लाँग मेंबर बदलणं हाच मार्ग. नंबर असलेला मेंबर बदलायचा तर आरटीओच्या परवानगीशिवाय हात लावू नका, नव्या मेंबरवर नंबर त्यांच्या मंजुरीनेच पंच होतो. नुसता पतंग झाला असेल तर हायड्रॉलिक जॅकच्या बेंचवर थंड ओढून चौकोन सरळ करणारे वर्कशॉप शोधा, आणि ओढल्यावर क्रॉस मेंबरची रिबिटं किंवा फिट बोल्ट नवे घालायला लावा.

तड्याचं वेल्डिंग करायचं तर आधी त्याच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडून तो थांबवतात, मग व्ही खाच घासून लो हायड्रोजन रॉडने, रॉड भट्टीत कोरडा करून भरतात. हे ज्याला सांगावं लागतं त्याच्याकडे काम देऊ नका. बीएस सहा गाडी असेल तर वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचे (इंजिनच्या कंप्युटरचे) कनेक्टर काढा, अर्थची क्लिप वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. नाहीतर चासीबरोबर ईसीएमचंही बिल भरावं लागतं.

माझी गाडी बेंचवर ओढली, हँगरच्या जागी नवे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने बसवले, पुन्हा फरशीवर खडूच्या खुणा केल्या. १४ चे तीन झाले. रंगाऱ्यानं विचारलं, "मालक, काळा मारू का सगळ्याला सारखा?" नको म्हटलं. त्या दीड फुटावर मी फक्त फिकट राखाडी प्रायमर ठेवला आहे आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून चासीपर्यंत पिवळ्या पेंटची एक रेघ ओढली आहे. दर पाच हजार किलोमीटरला खाली जाऊन बघतो. बोल्ट जरासा फिरला तर रेघ तुटलेली दिसेल, आणि तडा गेला तर राखाडीवर गंज लगेच उठून दिसेल.